एका शब्दाचा रुपया

नर्सबाईवर लिहून राह्यलो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं काय आलं ते मले ठाऊक आहे. पांढरी साडी, शांत चेहरा, तापलेल्या कपाळावर थंड हात, अन् शेवटी लेखकाच्या डोळ्यात पाणी. ते चित्र आधी पुसून टाका. आमची भगत सिस्टर साऱ्या जगाकडे अशी पाहे, जसं आपण चहात पडलेल्या माशीकडे पाहतो. अन् माशी काढून तोच चहा पिणाऱ्याकडे तर त्याहून वाईट पाहे. हात थंड होता हे मात्र खरं, कारण दिवसातून वीस वेळा ती तो कोपरापर्यंत धुवे.

नाव सुलोचना भगत. महागाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या उपकेंद्रात ती नर्स, अन् मागच्या क्वार्टरमध्ये तिचं बिऱ्हाड. तिची अन् आमची भिंत एकच. त्यामुळे सकाळी डोळा उघडायच्या आत कोंबड्याच्या आधी सिस्टर ऐकू ये. "शिसारी येते मले." कोणाची? दूधवाल्यानं मापात बुडवलेल्या बोटाची, नळाच्या पाण्याची, पेपरातल्या पुढाऱ्याच्या हसण्याची. तो शब्द ती तीन तुकड्यात म्हणे. 'शि' नाकातून, 'सा' दातातून, अन् 'री'पर्यंत मान दुसरीकडे फिरलेली. मी नकला करतो म्हणून हे एवढं बारीक सांगता येते. पुढारी, मास्तर, टीव्हीवाले, सारेच मी करत होतो, पण फर्माईश यायची ती सिस्टरचीच.

नवरा एसटीत कंडक्टर, पुसदकडे. आठवड्यातून एकदा येई. दारात उभा राहून आधी हात पुढं करी, सिस्टर वरून पाणी टाके, अन् मंगच त्याले घरात घे. गावाले यात काही विशेष वाटत नव्हतं. आम्ही सारेच तिच्या दारात हात पुढं करूनच उभे राहत होतो.

त्या वर्षांत कापसाचं पार वाटोळं झालं होतं, अन् आमच्या तालुक्यात दोन गोष्टी लय उगवत होत्या. एक टीव्हीवाल्यांच्या गाड्या, अन् दुसऱ्या मोबाईल कंपन्यांच्या छत्र्या. एकदा टीव्हीवाला उपकेंद्रात घुसला. माईक सिस्टरच्या तोंडापुढं धरून चेहरा उतरवला अन् म्हणाला, ताई, इथल्या बायांचं दुःख सांगा. सिस्टरनं त्या माईकवरच्या स्पंजकडे पाहिलं. इथं यायच्या आधी तो किती जणांच्या तोंडापुढं धरला होता, हे तिनं इचारलं. तो म्हणाला सकाळपासून पंधरा-वीस. धुतला कधी होता, हे तिनं पुढं इचारलं. त्या दिवशी बायांच्या दुःखाचं काहीच टीव्हीवर आलं नाही. पण जाताना त्यानं साबणानं स्पंज धुतला, तो उपकेंद्राच्या दोरीवर वाळत टाकला अन् वाळेपर्यंत पायरीवर बसून राह्यला.

आता मोबाईलवर येतो.

गावात पहिल्यांदा फोन घेणाऱ्या पाच-सहा जणांत सिस्टर होती. तिचा नंबर मंग साऱ्या भागात पसरला. म्हणजे अक्षरशः भिंतीवर पसरला. वरच्या तांड्यावर, कोलामांच्या पोडावर, खालच्या वस्तीत, जिथं जिथं पोटुशी बाई होती तिथं तिथं कोळशानं, गेरूनं, नाहीतर चुन्यानं दहा आकडे लिहिलेले. कोणाच्या चुलीच्या वर, कोणाच्या गोठ्याच्या दारावर. दिवाळीत घर सारवलं तरी तेवढी जागा सोडून सारवत. तांड्यावरच्या सोनाबाई याडीले, म्हणजे तांड्याच्या बोलीत आईले, एकही आकडा वाचता येत नव्हता. पण ती फोन भिंतीजवळ नेऊन एकेक चित्र जुळवून बटन दाबे, अन् तिचा नंबर कधी चुकला नाही.

फोन मात्र कोणी लावत नसे. मिस कॉल देत. त्याचा कायदा होता, तो सिस्टरनं स्वतः घालून दिला होता. एक मिस कॉल म्हणजे काही इचारायचं आहे, फुरसतीत फोन करा. दोन म्हणजे कळा सुरू झाल्या. लागोपाठ तीन म्हणजे बाई अडली, गाडी घेऊन या. सिस्टर बॅग उचले, दाराले कुलूप लावे, पायात चपला घाले, मोपेडवर बसे, अन् मंग परत फोन लावून एकच शब्द म्हणे. "निघाली." फोन बंद. तिकडे तेवढ्यावर पाणी तापवायले ठेवत, बायांले धीर येई, माणसं इकडंतिकडं पळायचं थांबत.

या एका शब्दाचा कंपनी एक रुपया घे.

कारण सिस्टर जुनी गिऱ्हाईक. जुन्याले मिनिटाले रुपया, मंग तुम्ही साठ सेकंद बोला का दोन सेकंद. अन् त्याच कंपनीनं नव्या गिऱ्हाइकासाठी स्कीम काढली, सेकंदाले एक पैसा. जेवढं बोलाल तेवढंच. वरून सिम फुकट, वरून बोलायले पैसे टाकून. म्हणजे तोच टॉवर, तीच हवा, तोच शब्द. नवीन पोट्ट्यानं म्हटला तर दोन पैसे, सिस्टरनं म्हटला तर रुपया. पन्नास पट.

बाजाराच्या दिवशी फाट्यावर कंपनीची छत्री लागली होती. छत्रीखाली टाय लावलेलं पोरगं, यवतमाळवरून आलेलं, घामानं भिजलेलं. सिस्टर लसीची पेटी खांद्याले लावून तिथं गेली. टेबलावरचा कागद उचलला, लसीकरणाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर उभी रेघ मारली, एकीकडे 'नवी' अन् दुसरीकडे 'जुनी' लिहिलं, अन् त्या पोराले एकेक गोष्ट इचारून दोन्ही खाने भरले. तो उत्साहानं सांगत होता. सारं भरून झाल्यावर तिनं रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

"मी तुह्या कंपनीत पाच वर्षांपासून आहे. माह्या खान्यात काय दिसते तुले?"

त्यानं खरंच वाकून पाहिलं. मंग म्हणाला, मॅडम, ही ऑफर नवीन कस्टमरसाठी आहे.

"म्हणजे जो पळून येते त्याले पाट, अन् जो घरात आहे त्याले उंबरठा."

पोरगं हसलं. त्याले वाटलं सुटलो. त्यानं सुचवलं, जुनं सिम फेकून द्या अन् नवीन घ्या, सगळे तेच करतात. हे मात्र खरं होतं. आमच्या गावात लोकं दर दोन महिन्यांनी नंबर बदलत. फोनमध्ये 'बाळू', 'बाळू नवा', 'बाळू नवानवा' अशी नावं असत, अन् तिन्हीवर लावला तर तिसराच कोणीतरी उचले. सिस्टरनं त्याले इचारलं का अठ्ठावीस गावच्या भिंती पुसून नवीन नंबर लिहायले तू येशील का. चुना मी देते, म्हणाली. तिनं मान फिरवली, शब्द तिन्ही तुकड्यात म्हटला, अन् पेटी घेऊन निघून गेली.

आज म्हणे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. तवा ते नव्हतं.

कस्टमर केअरले फोन तिनं माह्या खोक्यावरून लावला. हो, माह्यं खोकं होतं. डी.एड.ले नंबर लागला नाही, म्हणून फाट्यावर टपरी टाकून रिचार्ज विकत होतो. कस्टमर केअरच्या पोरीनं तिले पाऊण तास धरून ठेवलं, मधी मधी गाणं वाजवलं, अन् शेवटी गोड आवाजात सांगतलं का आपण आमच्या मौल्यवान ग्राहक आहात, पण ही योजना आपल्यासाठी नाही. सिस्टर म्हणाली, मौल्यवान म्हणतं अन् मोडीचा भाव लावतं. तिकडून पोरगी म्हणाली, आणखी काही मदत करू शकते का? त्यावर सिस्टरनं तिले इचारलं, बाई, तुह्या कंपनीत तुले तरी जुनी झाल्यावर पगार वाढते का कमी होते? पोरगी हळूच, पाठ केलेलं सोडून म्हणाली, "ताई, मले नाही ठाऊक, मले तीनच महिने झाले." तिचीही बोली आमचीच निघाली. सिस्टरनं फोन ठेवला अन् पहिल्यांदा मी तिच्या तोंडावर किळस सोडून दुसरं काही पाहिलं. पण ते लगेच गेलं.

आता माह्या डोक्यात जे आलं ते ऐका, अन् मले नावं ठेवायची तर इथूनच ठेवा. नवीन सिम विकलं का मले कमिशन भेटे. जुन्याच्या रिचार्जवर नुसती चिल्लर. मी सिस्टरले म्हटलं, नवीन सिम तुमच्या फोनमध्ये टाका. जुनं माह्याकडे जादा फोन आहे त्यात ठेवतो, खोक्यावर. तांड्यावरून मिस कॉल आला का मी पळत येऊन सांगतो कोणाचे किती मिस कॉल वाजले, अन् तुम्ही नव्यावरून परत लावा. दोन पैशात शब्द. दोन सिमचा चायना फोन मी आधी दाखवला होता, पण एका घरात दोन नवरे नांदवायची तिची तयारी नव्हती.

तिनं चार दिवस घेतले. उपकेंद्र ते खोकं किती पावलं, हे तिनं स्वतः चालून मोजलं. सिम माह्या हातात देताना एकच अट घातली. "उचलायचा नाही. वाजू द्यायचा, मोजायचा, अन् यायचं. उचलला तर त्यांचा पैसा कटते, अन् तिकडे कोणाच्याच फोनमध्ये एका फोनाच्या वर पैसा नसते."

मी म्हटलं, हाव सिस्टर.

दीड महिना झकास चाललं. पहिल्यांदा अनोळखी नंबर म्हणून तांड्यावर कोणी उचलला नाही, तर सिस्टर स्वतः जाऊन साऱ्यांले नवा नंबर दाखवून आली, पण भिंतीवर जुनाच राहू द्या म्हणाली. नव्या नंबरावर तिचा भरोसा नव्हता, कंपनी त्यालेही कधीतरी जुना करणार. दर आठवड्याले ती खोक्यावर येऊन किती वाचलं ते मले ऐकवे. ते सांगतानाही तोंड वाकडंच. कंपनीले फसवून पैसे वाचवावे लागतात याचीच तिले शिसारी होती.

मंग तो दिवस आला. कापूस खरेदी केंद्रावर माप बंद पडलं होतं. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला नव्हता, का भरायले बारदाना नव्हता, कोणी खरं सांगत नव्हतं. बैलगाड्यांची रांग फाट्यापर्यंत, माह्या खोक्याच्या पुढं गेलेली. दोन दिवसांपासून माणसं गाडीखाली झोपून राह्यलेली. दुपारची वेळ. कोणीतरी म्हणालं, अव्या, काहीतरी कर ना बे, जीव उबला. मी स्टुलावर चढलो. आधी पुढारी केला. पॅकेज मुंबईवरून निघालं आहे, रस्त्यातच आहे, आपण धीर धरावा. लोकं लोळून हसले. मंग टीव्हीवाला केला. मंग कस्टमर केअर. हसताना त्यांचे दात दिसत होते, अन् दोन दिवसांनी मी त्यांले हसवून राह्यलो म्हणून माह्या अंगात वारं भरलं होतं. रांगेतून आवाज आला, सिस्टर कर, सिस्टर.

तेवढ्यात सिस्टरचा जुना नंबर वाजला.

मी फोन हातात घेतला. पुढं काही करायचं नव्हतं, फक्त बटन दाबायचं नव्हतं, अन् मी दाबलं. कानाले लावला, नाक वर केलं, मान फिरवली, अन् तिकडून कोण आहे हे ऐकायच्या आधीच तिच्या आवाजात म्हटलं, "निघाली." अन् बंद केला. फाटा हादरला एवढे लोकं हसले. एक म्हातारा तर गाडीच्या चाकाले धरून बसला.

मी वाट पाह्यली का आणखी वाजते काय. नाही वाजला. म्हणजे एकच. म्हणजे फुरसतीचं काम. मले हे सुचलंच नाही का मीच उचलून त्यांचा पैसा संपवला, आता दुसरा अन् तिसरा ते कशाले देतील. सिस्टर उपकेंद्रातच होती, हाकेच्या अंतरावर. तिची लसीची पेटी धुतल्याचा आवाज येत होता. सांगतो थोड्या वेळानं, म्हटलं, अन् पुन्हा पुढारी केला.

सूर्य कलायच्या टायमाले वरच्या तांड्याचा एक माणूस सायकलवर आला. तो खोक्याकडे आला नाही, सरळ उपकेंद्राकडे गेला. अन् मी पाहिलं, तो तिथं दारात सिस्टरले पाहून असा थांबला जसं भूत पाहिलं. सोनाबाई याडीची सून अडली होती. पहिलं बाळंतपण. तीन मिस कॉल द्यायचे होते, पण पहिलाच उचलला गेला अन् सिस्टर "निघाली" म्हणाल्या. दारात जीप उभी होती, महागावले नेणार होते. सिस्टर निघाली म्हटल्यावर याडीनंच ती जीप परत पाठवली. सिस्टरच्या हाताचं बाळंतपण पायजे होतं तिले. मंग सारे रस्त्याकडे डोळे लावून बसले. तीन तास.

सिस्टरनं माह्याकडे पाहिलंही नाही. बॅग, कुलूप, चपला, मोपेड. बाकी तेच, फक्त फोन लावला नाही. तिच्या आवाजातलं "निघाली" तिकडे आधीच पोचलं होतं.

मोपेड तांड्यावरच सोडून, जीप परत बोलावून तिनं त्या पोरीले यवतमाळले नेलं. दोन दिवस आली नाही. खरेदी केंद्र मधीच सुरू झालं, रांग सरकली, नवीन गाड्या आल्या. मी खोकं उघडून बसलो होतो, पण कोणी नक्कल कर म्हटलं तर मले घसा बसला म्हणून सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी ती एसटीतून उतरली. साडीवर वाळलेले डाग. घराकडे न जाता सरळ खोक्यावर आली. रांगेतली माणसं बाजूले झाली. सारं कळलं होतं त्यांले, अन् आता सिस्टर कशी बोलते ते ऐकायचंही होतं, मी खोटं कायले सांगू. तिनं हात पुढं केला. मी तो जादा फोन दिला. तिनं तिथंच उभ्या उभ्या नखानं दोन्ही फोनची मागची झाकणं काढली, नवं सिम काऊंटरवर ठेवलं, जुनं आपल्या फोनमध्ये टाकलं. मंग मी इचारायच्या आधीच सांगतलं. पोरगी झाली, ती वाचली. आई वाचली. पण गर्भाची पिशवी काढावी लागली. वीस वर्षांची आहे.

मी म्हटलं, सिस्टर, मले वाटलं एकच मिस कॉल...

"चूप." आवाज मोठा नव्हता. "तुले वाटते तू माह्यी नक्कल करतं. काय करतं रे? नाकात बोलतं, मान फिरवतं. मी 'निघाली' म्हणते तवा माह्या दाराले कुलूप लागलं असते, माह्या पायात चपला असतात. तेवढ्यासाठी ते लोकं त्या शब्दावर जीप परत पाठवतात. तुह्या पायात काय होतं? स्टुलावर उभा होता तू." तिनं काऊंटरवरच्या नव्या सिमकडे पाहिलं, मंग माह्याकडे, अन् दोन्हीकडे एकसारखंच पाहिलं. "कंपनी मले लुबाडत होती, पण टॉवरवाल्यानं माह्या आवाजात कोणाले खोटं नाही सांगतलं कधी. तो रुपया मी इथून पुढं देईन. अन् चूक माह्यीही आहे, दोन पैशासाठी मी तुह्यासारख्याच्या हातात तो नंबर देला. त्याचं मी पाहून घेईन. तू उद्या सकाळच्या गाडीनं माह्यासंग वरच्या तांड्यावर यायचं. सोनाबाई अजून मलेच इचारून राह्यली, का सिस्टर, तुम्ही निघाल्या होत्या तर रस्त्यात तुमाले काय झालं. तिच्यापुढं उभा राह्य, अन् सांग तो फोन कोणी उचलला. तुह्या आवाजात सांगजो. असंन तुह्याजवळ एखादा, तर."